सावरीचा कापूस ओला होत नाही

त्या पत्राला मास्तरांनी चौदा वर्षं उत्तर दिलं नाही.

पत्र लहानसं होतं, एका पानाचं. पाठवणाऱ्या बाईनं आत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं कोरं पाकीटही घातलं होतं. म्हणजे सबब सांगायलाही जागा नव्हती. चार ओळी लिहायच्या, पाकीट बंद करायचं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायचं.

एवढंच. तेवढंही त्यांच्याने झालं नाही.

पुढचं सगळं खरं घडलेलं आहे. मास्तर माझे थोरले मावसभाऊ. त्या माणसाला पदरचं घालून बोलता येत नाही. खरं तर नुसतं बोलताही येत नाही. ही हकीकत त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितली, खाली बघत, प्रत्येक तुकड्याला 'मला वाटतं' लावून. मी फक्त ते 'मला वाटतं' काढून टाकले आहेत.

रात्र गुरुवारची. थंडीचे दिवस. वेळ सव्वातीन. जागा म्हणजे त्यांच्या गादीच्या दुकानामागची मधली खोली.

त्या खोलीत त्या रात्री त्यांची लेक झोपली होती. लेकीची एकवीस दिवसांची मुलगी झोपली होती.

आणि... आणखी कुणीतरी.

पण आधी मास्तर.

मास्तरांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नाही. ते गाद्या करायचे. गल्ल्यावर कायम एक पुस्तक उघडं. गिऱ्हाईक आलं की बोट पानात आणि नजर गिऱ्हाइकाच्या चपलांवर. समोरच्या शिंप्यानं थट्टेनं 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. पुढे बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायला लागली. गुडघे गेले तेव्हा दुकान बंद झालं. सामान मात्र माळ्यावर तसंच राहिलं. दाभणं, दोऱ्याची रिळं, खोळींचं कापड.

आणि एक गोणी.

जावई जहाजावर नोकरीला. सहा-सहा महिने पत्ता नाही. म्हणून लेक तान्ह्या मुलीला घेऊन आईवडिलांकडे राहायला आली होती. मुलगी दिवसा अशी झोपायची की उचलून बाजारात फिरवून आणली तरी कळू नये. दिवे मालवले की डोळे टक्क उघडे, आणि मग घर डोक्यावर.

"हिचा दिवस कुठल्या देशाचा घालून पाठवलाय कुणास ठाऊक," मास्तरांची बायको म्हणायची.

खांद्यावर घेऊन झालं. थोपटून झालं. खोलीत अंधार करून झाला, मंद दिवा ठेवून झाला. मऊ फडक्यात गुंडाळून झालं. बायकोनं गाणी म्हणून बघितली, तेव्हा तर ती जास्तच रडली.

"आई, तू गाऊ नकोस गं," लेक म्हणाली. "ती आधीच रडतेय."

दोघी हसल्या. हसता हसता लेक एकदम रडायलाच लागली.

"मला एक रात्र दे गं, आई. एकच. मी परत देईन."

मास्तर दारात उभे राहून हे ऐकत होते. आत जायची हिंमत नव्हती. बाळाची मान धरायची असते म्हणतात. आपल्या हातून नेमकी तीच धरायची राहिली तर? ते बाळाला अजून एकदाही उचलून घेऊ शकले नव्हते.

पण लेकीचा तो आवाज काळजात रुतला. आपल्याला जगात येतं ते एकच. मग ते तरी करावं.

गुडघे धरत ते माळ्यावर चढले.

त्या गोणीत सावरीचा कापूस होता.

गादीवाल्यांचे दोन नियम असतात. ते कुणी लिहून ठेवत नाही, पण मोडतही नाही. ज्या घरचा कापूस, त्याच घराला परत. आणि आजारी माणसाच्या अंथरुणातला कापूस कुणालाच नाही. तो जाळायचा.

चौदा वर्षांपूर्वी एक घड्याळजी त्यांच्याकडे आईची गादी घेऊन आला होता. म्हातारी नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली. आदल्या दिवशी गेली.

"झोप नव्हती हो तिला, मास्तर. नऊ वर्षं," तो म्हणाला. "रात्रभर एकच घोष. कुणीतरी जवळ झोपा रे. कुणीतरी जवळ झोपा. आता कोण झोपणार? वास यायचा. खरं सांगतो, मला तर जेवण जायचं नाही. शेवटी एकटीच गेली... जाळून टाका ही."

मास्तरांनी गादी उसवली. आत सावरी निघाली. खोळ डागांनी कडक झालेली, पण आतला कापूस जवळजवळ पांढरा. सावरीचं तसंच असतं. साधा कापूस पाणी पितो. सावरी पीत नाही. पाण्यात टाकली तर तरंगते.

ओल धरत नाही, म्हणजे घाणही धरत नाही. असा हिशेब मास्तरांनी मनाशी केला. इतका चांगला माल जाळायला हात धजेना. त्यांनी तो आठ दिवस कडक उन्हात घातला. वास गेला. त्यातल्या निम्म्याची एक छोटी गादी केली. एका बाईला तिच्या तान्ह्या बाळासाठी हवी होती.

निम्मा गोणीत भरून ठेवला.

आणि दोन महिन्यांनी त्या बाईचं पत्र आलं.

'मास्तर, तुमच्या गादीवर आमचं बाळ शांत झोपतं. फार शांत झोपतं. एक विचारायचं होतं. गादीतला कापूस नवा होता का? नसला तर कुणाचा? हसू नका. गादीची एक बाजू रोज सकाळी ओली असते, आणि बाळ त्या बाजूला नसतं. गादी काढून घेतली की ते रडून निळं होतं. काय करू? तुम्ही सांगाल तसं करीन. उलट टपाली एक ओळ लिहा.'

मास्तरांनी त्या रात्री उत्तराचे चार कागद फाडले. खरं लिहावं तर तोंड दाखवायला जागा नाही. खोटं लिहावं तर हात वळेना. उद्या लिहू म्हणाले. मग परवा. मग महिना गेला. महिन्यानंतर लिहायचं तर 'बाळ कसं आहे' हे आधी विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर काय येईल याची त्यांना भीती वाटायला लागली. पत्र त्यांनी जाडजूड शब्दकोशात खूण म्हणून ठेवून दिलं आणि तो शब्दकोश पुन्हा उघडला नाही.

चौदा वर्षांत माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो. बाई घाबरट असेल. बाळानंच ओलं केलं असेल. कापूस तो कापूस.

त्यांनी गोणी सोडली. सावरी यंत्रावर पिंजत नाहीत, हातानं मोकळी करतात. दुपारभर ते ती मोकळी करत बसले. हाताला कशी गार, गुळगुळीत लागत होती... जिवंत पिसासारखी. गोणीतला सगळा, आठशे ग्रॅम कापूस, दोनशेची खोळ. बरोबर एक किलोची गादी झाली.

बायकोनं दाबून बघितली. "अगंबाई! यावर मलासुद्धा झोप लागेल. आमच्या लग्नात कुठे होती ही कला?"

"ऑर्डर जास्त होत्या तेव्हा," मास्तर पुटपुटले.

त्या रात्री बाळ रडलं नाही.

लेक सलग सात तास झोपली. सकाळी बाहेर आली आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. मास्तरांच्या आयुष्यात इतकं मोठं बक्षीस त्यांना कुणी दिलं नव्हतं. लाजून ते चष्मा पुसत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाचा गाल ओला होता.

लाळ असेल. पण लेकीनं फडक्यानं पुसला तेव्हा फडक्याला वास आला. दुधाचा नव्हे. रात्रभर मिटून राहिलेल्या तोंडाचा असतो, तसा. म्हाताऱ्या तोंडाचा.

"बाळाच्या तोंडाला असा वास येतो का गं?" लेकीनं विचारलं.

"माझ्या नवऱ्याच्या येतो," आई म्हणाली. "बाळाच्या नाही येत."

चौथ्या दिवशी बाळानं सकाळचं दूध घेतलं नाही. पोट टम्म भरलेलं. लेक गोंधळली. रात्री तर तिनं पाजलंच नव्हतं. बाळ उठलंच नव्हतं. तिनं बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवर हलकेच थोपटलं. बाळानं ढेकर दिली आणि तिच्या पदरावर काहीतरी उलटून टाकलं.

ते दूध नव्हतं.

राखाडी होतं. घट्ट. शेंबडासारखी तार येत होती त्याला. लेकीनं पदर धुतला, पुन्हा धुतला, शेवटी ती साडीच टाकून दिली.

पाचव्या दिवशी बाळ जीभ सारखी बाहेर काढत होतं. लेकीनं बोट घालून बघितलं. जिभेवर काहीतरी चिकटलं होतं. तिनं चिमटीत धरून ओढलं...

केस होता. पांढरा.

ती ओढत राहिली. तो येत राहिला. वीतभर. दोन वीत. बाळाचा घसा आतून हलताना दिसत होता. शेवटी टोक बाहेर आलं तेव्हा त्याला चिकट गुठळी लागलेली होती. मास्तर मोरीकडे धावले.

"आई, तुझा असेल," लेक म्हणाली.

आईनं आपली शेंडीएवढी वेणी पुढे घेऊन दाखवली. एवढा लांब केस तिला वीस वर्षांत आला नव्हता.



मास्तरांना माहीत होतं. निदान शंका तरी होती. पण तोंड उघडायचं म्हणजे 'मला माहीत होतं' हेच आधी सांगायला हवं. ते मूग गिळून बसले. दुपारी बाळ लेकीच्या मांडीवर असताना त्यांनी हळूच गादी उचलली, उन्हात घालायला.

गादी जड लागली.

चाळीस वर्षं ज्या हातांनी गाद्या उचलल्या, ते हात फसत नाहीत. एका कोपऱ्याशी ती ओली होती. आणि कोमट. भर दोन वाजता त्यांनी ती उन्हात घातली. संध्याकाळी आणायला गेले तेव्हा खोळ कडकडीत वाळली होती.

आत मात्र... ओलच.

सावरीचा कापूस ओला होत नाही.

लेकीनं त्या संध्याकाळी सगळ्या उकळलेल्या फडक्यांना पुन्हा उकळी दिली, आईला अंबाडा घट्ट बांधायला लावला आणि बाळाला पुन्हा त्याच गादीवर ठेवलं. मास्तर बघत राहिले.

मग ती गुरुवारची रात्र.

मास्तर बाहेरच्या खोलीत पडले होते. जाग आली ती आवाजानं.

चुप... चुप... चुप...

बाळ पीत असेल. बरं झालं, उठलं एकदाचं. त्यांनी कूस बदलली.

चुप... चुप...

मग त्यांच्या लक्षात आलं. लेक घोरत होती. लहानपणापासून तिला घोरायची सवय. भिंतीपलीकडून तिचं घोरणं ऐकू येत होतं...

आणि चोखणंही.

ते उठले. दार हळूच लोटलं. कोपऱ्यातला मंद दिवा चालू होता.

लेक पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेली. बाळ खाली, त्या गादीवर. पाठीवर निजवलेलं बाळ कुशीवर वळलं होतं. एकवीस दिवसांचं बाळ आपणहून वळत नाही. ते गादीच्या अगदी काठाशी सरकलेलं होतं. दुसऱ्या कुणाला तरी जागा करून द्यावी, तसं.

रिकामी बाजू दबलेली होती.

तिथं कुणीच नव्हतं. पण गादी खोल दबलेली होती, आणि ते दबलेपण... श्वास घेत होतं. वर. खाली. वर. खाली.

बाळाचं तोंड गादीच्या वरच्या कोपऱ्याला लागलेलं होतं. मास्तरांनी स्वतःच्या हातानं शिवलेला तो कोपरा आता कोपऱ्यासारखा राहिला नव्हता. चोखून चोखून लांब झाला होता, बोटाएवढा, सुरकुतलेला. त्याच्या टोकातून काहीतरी राखाडी पाझरत होतं आणि बाळ डोळे मिटून ते गिळत होतं.

चुप... चुप...

तोंडावर हात दाबून मास्तर पुढे झाले. बाळाला हात लावायची भीती तेव्हा कुठे गेली कुणास ठाऊक. त्यांनी मान धरून बाळाला उचललं.

बाळानं कोपरा सोडला. 'पच्च' असा आवाज आला.

आणि मग ते रडलं. असं, की पलीकडच्या गल्लीत दिवे लागले.

लेक धडपडत उठली. "काय करताय बाबा? कशाला उचललंत?"

"गादी..." मास्तर म्हणाले. "ही गादी नको."

"का?"

आता. आता सांगायचं. एक वाक्य. लेक समोर उभी होती, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. सांगितलं की ते डोळे आपल्याकडे कसे बघतील...

"ओली आहे," ते म्हणाले.

"मग सकाळी वाळवू. बाबा, प्लीज. इतक्या दिवसांनी माणसात आलेय मी. ठेवा तिला."

गादी फुगून सरळ झालेली होती. कोपरा नुसता कोपरा. मास्तरांनी नातीला परत तिच्यावर ठेवलं.

होय. ठेवलं. हे सांगताना मास्तर माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते.

बाळ लगेच गप्प झालं.

सकाळी नर्सबाई आल्या. त्या दर पंधरवड्याला नाही तर मध्येच, सवडीप्रमाणे त्या भागातल्या बाळांची वजनं बघायच्या. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या पिशवीच्या. पिशवीत वजनाचा काटा आणि कापडाची झोळी.

"काय गं, झोपू देतेय का राजकन्या?"

"सात-सात तास झोपते," लेक अभिमानानं म्हणाली.

नर्सबाईंचा हात थांबला. "सात तास? तीन आठवड्यांचं बाळ?"

काटा छताच्या आकड्याला अडकवला. बाळ झोळीत. काट्यानं दोन किलो सातशे दाखवलं.

"मागच्या वेळी तीन-शंभर होती." नर्सबाईंनी वही बघितली, काटा बघितला, बाळाच्या पोटाला चिमटा काढला. कातडी चिमटीसारखीच उभी राहिली. "नऊ दिवसांत चारशे ग्रॅम गेले? पाजतेस की नाही?"

"मागतच नाही हो. पोट भरलेलं असतं सकाळी."

"कशानं भरलेलं असतं?"

लेक बाळाच्या पोटाकडे बघत राहिली.

"आणि ही कुणाची हुशारी?" त्यांनी गादी बोटानं दाबली. बोट पार बुडालं. "इतक्या तान्ह्या बाळाला मऊ गादी? नाक दबलं तर? सपाट, घट्ट अंथरूण हवं. पाठीवर झोपवायचं. आजूबाजूला उशी नको, गोधडी नको, काही नको. आणि रात्री दर दोन-तीन तासांनी ते उठणारच. उठून रडतं ते बाळ धड असतं, बाई. न रडणाऱ्याची भीती बाळगा!"

मास्तर पुढे झाले. त्यांनी झोळीतून नातीला उचललं, लेकीच्या हातात दिलं. मग गादीची गुंडाळी केली, दोरीनं बांधली आणि काट्याला अडकवली.

"काका, हे काय?" नर्सबाई म्हणाल्या.

काटा हलला. थांबला.

एक किलो चारशे.

"मी ती एक किलोची केली होती," मास्तर म्हणाले. "बरोबर एक किलोची."

काट्याला टांगलेल्या गुंडाळीतून एक थेंब जमिनीवर पडला. राखाडी. नर्सबाईंनी नाकाला रुमाल लावला.

मग मास्तर बोलले. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"कापूस नवा नव्हता. मला माहीत होतं."

लेकीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. "कुणाचा होता, बाबा?"

चौदा वर्षांपूर्वीचा प्रश्न. जसाच्या तसा.

त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळजी, म्हातारी, नऊ वर्षं, निम्मा कापूस, पत्र. लेक ऐकत बाळाला थोपटत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तिचं बाळ?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

तिनं वडिलांकडे जसं बघितलं, तसं घाणीकडे बघतात. मग ती नर्सबाईंबरोबर बाळाला घेऊन दवाखान्यात गेली. आईही चपला घालून त्यांच्यामागून गेली.

घरात मास्तर आणि गादी.

त्यांनी ती मागच्या अंगणात नेली. सकाळचे साडेदहा. लख्ख ऊन. शेजारी कुणीतरी रेडिओ लावला होता. कात्रीनं पहिला टाका कापला.

बाळाच्या बाजूचा कापूस होता तसाच होता. पांढरा, हलका, कोरडा.

दुसऱ्या बाजूचा कापूस उरलाच नव्हता. पिवळट राखाडी लगदा झाला होता, फाटलेल्या दुधासारखा, आणि त्याला ऊब होती. त्यात केस होते. विणल्यासारखे, आडवे-उभे, कोपऱ्यापर्यंत गेलेले. कापलेली नखं होती, जाड, पिवळी. वास असा, की मास्तरांना उलटी करायला दूर जायचीही सवड मिळाली नाही.

आणि खोळीच्या आतल्या कापडावर, लगदा सोलल्यावर, ठसा दिसला.

गालाचा. मिटलेल्या डोळ्याचा. उघड्या, दात नसलेल्या तोंडाचा.

ठसा हसत होता, असं मास्तर म्हणत नाहीत. झोपलेला होता, असं म्हणतात. खूप वर्षांनी गाढ झोप लागलेल्या माणसाचा असतो, तसा.

सावरी काडी लावली की भस्सकन पेटते. ही पेटेना. रॉकेल ओतलं. तरी जळली नाही, उकळली. बुडबुडे आले. सगळ्या गल्लीत वास पसरला.

समोरचा शिंपी ओरडला, "अहो मास्तर, दूध उतू गेलं वाटतं घरात! वहिनी कुठायत?"

संध्याकाळपर्यंत ते तिथंच काठी घेऊन उभे होते. शेवटी मूठभर राख उरली. तीही ओलीच होती. त्यांनी खोल खड्डा करून पुरली आणि हात कातडी सोलवटेपर्यंत धुतले.

बाळ दवाखान्यात चार दिवस होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्यांत रोग म्हणून काही सापडलं नाही. पोट धुतलं तेव्हा काय निघालं, ते लेकीनं कुणालाच सांगितलं नाही. पाचव्या दिवशी घरी आलं. पलंगाशेजारी पाळणा, पाळण्यात सपाट, घट्ट, साधं अंथरूण. ना उशी, ना गोधडी.

त्या रात्री बाळ बारा वाजता रडलं. दोनला रडलं. चारला तर अख्खी गल्ली उठवली.

"रड गं माझी बाय, रड," आजी म्हणाली. "पोटभर रड."

लेक झोपेनं झुकत होती, तरी हसत होती. मास्तरांनी पुढे होऊन बाळ घेतलं, मान धरून, आणि खोलीभर येरझाऱ्या घातल्या. लेकीनं घेऊ दिलं. चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

पहाटे बाळ गप्प झालं तेव्हा म्हणाली, "पत्र लिहिलंत?"

"आता? चौदा वर्षांनी?"

"त्यांच्याकडे निम्मा आहे ना अजून?"

मास्तर उठले. शब्दकोश काढला. पत्र तिथंच होतं. कोरं पाकीटही. पान उलगडताना बोटांना ते जरासं दमट लागलं. पुस्तकाची बाकीची पानं कोरडी होती... पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

या वेळी कागद फाडला नाही. 'आपलं बाळ कसं आहे?' असं आधी लिहिलं, लेकीनं सांगितलं होतं म्हणून. मग खाली लिहिलं:

'कापूस नवा नव्हता. नऊ वर्षं झोप नसलेल्या एका आजारी बाईच्या अंथरुणातला होता. मला माहीत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. गादी अजून असली तर उघडू नका, तिच्यावर कुणाला निजवू नका. मला कळवा. मी स्वतः येऊन नेतो.'

पाकिटाचा गोंद चौदा वर्षांनी वाळून गेला असेल म्हणून त्यांनी त्याला जीभ लावली. गोंद ताजा होता. कोमट. त्यांनी घाईघाईनं पाकीट दाबून बंद केलं, सकाळी जादा तिकिटं आणून चिकटवली आणि कोपऱ्यावर गेले.

पोस्टमन नुकताच पेटी उघडून सगळी पत्रं पिशवीत भरून निघाला होता. मास्तरांनी त्याला सायकलवर बसताना बघितलं. पेटी रिकामी. बुडाला नुसता पत्रा.

त्यांनी पाकीट फटीत सरकवलं. सोडलं. पत्र्यावर आपटल्याचा आवाज ऐकायला कान लावून उभे राहिले.

आवाज आला नाही.

पाकीट मऊ कशावर तरी पडलं होतं.